मुक्याला वाचा कोण देणार?

आमच्या आळे गावी रेड्याची समाधी आहे. पैठणास ज्ञानेश्वर माउलीने ज्याच्या मुखातून वेद वदविले तोच रेडा येथे विसावला, असे वाडवडील सांगत आले. पाण्याची पखाल वाहणारे मुके जनावर पंडितांच्या सभेत बोलले, म्हणून आम्ही त्या समाधीपुढे हात जोडतो. पण शेतकरी बंधूंनो, परमुलुखाच्या तुरुंगात जो आपल्याच हाडामांसाचा माणूस मुका होऊन बसला आहे, त्याला वाचा कोण देणार, हे आम्ही कधी विचारले आहे काय?

श्री. कुलभूषण जाधव यांचे नाव सर्वांच्या कानी आहे. हे नौदलाचे माजी अधिकारी. मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने त्यांस हेर ठरवून पकडल्याचे जाहीर केले. इराणात धंद्यानिमित्त असता त्यांस पळवून नेले, असे आमचे सरकार म्हणते. १० एप्रिल २०१७ रोजी तेथील लष्करी न्यायालयाने फाशी सुनावल्याचे जाहीर झाले. आमच्या वकिलातीच्या माणसास त्यांची एकदाही भेट मिळाली नव्हती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्यांची आई व पत्नी इस्लामाबादेस गेल्या, तेव्हा त्यांची मंगळसूत्रे उतरवून घेतली, मध्ये काचेची भिंत घातली आणि आईने लेकाशी मराठीत बोलू लागताच तिला अडविले. माऊलीला मायबोलीत बोलू न देणारा हा कोणता न्याय?

तथापि येथे आमचे सरकार हलले, हे मान्य केलेच पाहिजे. ८ मे २०१७ रोजी ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. दहा दिवसांत फाशीस मनाई मिळाली. नागपूरचे श्री. हरीश साळवे यांनी एक रुपया घेऊन वकिली केली. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल लागला की, पाकिस्तानने व्हिएन्नाचा १९६३ चा करार मोडला. जाधवांची सुटका अद्याप झाली नाही, पण फास थांबला. तसेच कतारचे. तेथे नौदलाच्या आठ माजी लोकांना २६ ऑक्टोबर २०२३ रोजी देहान्त शिक्षा झाली. वकील लागले, वरच्या पातळीवर बोलणी झाली, डिसेंबरात फाशी टळली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आठही जण मोकळे झाले. म्हणजे सरकारच्या अंगी बळ नाही असे नव्हे. मनात आणले तर ते हेग गाठते, अमिराचा दरवाजा ठोठावते.

मग हे बळ खलाशाच्या वाट्याला का येत नाही?

डहाणू-तलासरीकडील आदिवासी व कोळी पोरे गुजरातच्या मालकांच्या बोटींवर मजुरीस जातात. बोट मालकाची, मासळी मालकाची. यांचे फक्त हात. आमच्या शेताला बांध असतो, तरी भाऊबंदकी चुकत नाही. समुद्राला बांध कोठला? वाऱ्याने बोट पलीकडे गेली की पाकिस्तानचे लोक धरतात आणि कराचीच्या तुरुंगात टाकतात. १ जानेवारी २०२५ रोजी पाकिस्ताननेच दिलेल्या यादीत आमचे २१७ मच्छीमार होते. त्या दिवशी आमच्याच सरकारने सांगितले की, १८३ मच्छीमार व इतर कैद्यांची शिक्षा भोगून संपली आहे, तरी ते आतच आहेत!

वाचकहो, २००८ साली दोन्ही सरकारांनी सही करून ठरविले की, कैद्याची वकिलातीच्या माणसाशी तीन महिन्यांत भेट घडवावी आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटली की एका महिन्यात घरी पाठवावे. कुळाने एक हप्ता चुकविला तर जप्ती येते. सरकारांनी करार चुकविला तर जप्ती कोणावर आणावी?

कोणी म्हणेल, २०१४ पासून २,६३९ मच्छीमार सोडवून आणले, ते विसरता काय? विसरत नाही. पण ते बहुधा दोन सरकारांचे सूत जुळले म्हणजे खिरापतीसारखे सुटतात आणि सूत बिघडले की ओलीस राहतात. हक्क आणि खिरापत यांत फरक आहे. आणि आपल्या पायाखालीही पाहावे: त्याच दिवशी आमच्या तुरुंगांत ८१ पाकिस्तानी मच्छीमार होते. तेही कोणाची पोरेच आहेत. दोन्हीकडचे निवृत्त न्यायाधीश तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटावेत म्हणून जी समिती नेमली होती, ती ऑक्टोबर २०१३ नंतर पाकिस्तानच्या तुरुंगात गेलेलीच नाही. साहेबासाठी हेग आणि खलाशासाठी साधी समितीही नाही!

याच जुन्नर तालुक्यात शिवनेरीवर ज्या राजाचा जन्म झाला, तो १६६६ मध्ये आग्र्यास अडकला होता. सुटकेपूर्वी त्याने बादशहाकडून परवाने मागून आपल्या बरोबरच्या लोकांना देशी धाडले, मग आपण निघाला. राजाने प्रजेचे काय करावे, याचा याहून मोठा धडा कोणत्या पोथीत आहे? त्याच्या नावाने गादीवर बसणारांनी तो वाचावा.

आमचे मागणे थोडके आहे. ती समिती पुन्हा उभी करा. दर सहा महिन्यांच्या यादीतील नावे त्या त्या तहसिलीत मराठीत लावा. पकडलेल्याला त्याची भाषा जाणणारा दुभाष्या व सरकारी खर्चाने वकील द्या. आणि बंधूंनो, तुम्हीही निजू नका. पोर परमुलुखी कामास निघाले की पासपोर्टाची व कराराची नक्कल घरी ठेवा, वकिलातीचा पत्ता लिहून ठेवा, अंगठा उठविण्यापूर्वी कागद वाचून घ्या. अडचण आली तर गावाने मिळून अर्ज करावा; एकट्या आईचा अर्ज फायलीत कुजतो, गावाचा अर्ज आमदाराच्या छातीवर बसतो.

माउलीने रेडा बोलता केला. माणसे बोलती करण्यास चमत्कार लागत नाही. शाळा लागते, एकी लागते आणि लाज असलेले सरकार लागते.

— एक आळेकर