पाट बुजवण्याआधी

पुण्याच्या वारज्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी 'कालवा' हा शब्द फारसा येत नाही. ते 'पाट' म्हणतात, नाहीतर सरळ 'कॅनॉल'. आमच्या सोसायटीतले एक आजोबा सांगतात, "पाठीला डबा बांधून पाटात ढकलून दिलं, तेव्हा कुठे पोहायला आलं." त्यांचा नातू त्याच पाटाच्या काठावर उभा राहून विचारतो, "ह्या गटारात?" आजोबा गप्प बसतात. त्यांच्या वतीने मला थोडं भांडायचं आहे.

भांडण मुठेच्या डाव्या कालव्याचं आहे. खडकवासल्याचं पहिलं धरण 1870च्या दशकात उभं राहिलं. जागा हेरली फाइफ नावाच्या लष्करी इंजिनिअरने, म्हणून सरकारी कागदांत तलावाचं नाव 'लेक फाइफ' पडलं. धरणातून दोन पाट निघाले. उजवा लांबलचक, पर्वती-हडपसरवरून थेट दौंडच्या बाजूला जाणारा. तो आजही वाहतो, त्यामुळे बातम्यांतही तोच असतो. डावा धाकटा, सुमारे 18 मैलांचा. कोंढवे-धावडे, उत्तमनगर, शिवणे, वारजे, कर्वेनगर, कोथरूड, एरंडवणे अशी गावं भिजवत खडकीच्या छावणीकडे गेलेला. पुढे गावांची उपनगरं झाली, रानं बिगरशेती झाली आणि शहरातल्या या पाटाला पाणी येणं थांबलं. आता तो कुठे झाकलेला, कुठे भराव टाकून बुजवलेला, कुठे गाजरगवताने भरलेला, कुठे नुसतंच सांडपाणी वाहणारा. मालकी पाटबंधारे खात्याची, कचरा महापालिकेचा आणि वास आमचा, अशी सोयीची वाटणी झाली आहे.

आता पूर्वपक्ष. सगळ्यांत मोठ्या आवाजात मांडला जातो तो असा: पाट बुजवा आणि रस्ता करा. हा पक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. संध्याकाळी सहा वाजता कर्वे रस्त्याने वारज्याला परतणाऱ्या माणसाला वारसा, इतिहास वगैरे ऐकवायला जाल तर तो हेल्मेट फेकून मारेल, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. पण त्याला विचारायला हवं, पाटावरचा रस्ता तुला घरी लवकर पोचवेल का? पाट मुळात सरळ नसतोच. तो डोंगराच्या कडेने, जमिनीचा उंच-सखलपणा चुकवत, वळणं घेत जातो. पाण्याला घाई नसते, त्याला फक्त उतार सुटू द्यायचा नसतो. अशा वाटेवर मोटारींचा रस्ता केला तर दर दोनशे पावलांवर एखादी गल्ली आडवी येणार आणि शेवटी सगळी वाहतूक पुन्हा कर्वे रस्त्याच्याच गाठीत जाऊन पडणार. प्रयोग करून झालेला आहे. कर्वेनगरात पाट झाकून झालेला कॅनॉल रोड आहे. सुटीच्या संध्याकाळी तिथून एकदा चारचाकी काढून पाहावी. रस्त्याचा निम्मा भाग उभ्या गाड्यांनी खाल्लेला असतो, उरलेल्यात पाणीपुरीची गाडी आणि आपण. शिवणे-खराडी नदीकाठच्या रस्त्याचं भूसंपादन किती वर्षं रेंगाळलं ते याच भागाने पाहिलं आहे. म्हणून आयती मिळालेली सरकारी पट्टी दिसली की नियोजनकारांना मोह होतो. पण आयती मिळालेली गोष्ट कशासाठी घडवली होती, एवढं तरी बघावं.

दुसरा पक्ष आरोग्याचा. डास, घाण, दुर्गंधी; तेव्हा वरून स्लॅब टाका. इथे माझा एक साधा प्रश्न आहे. पाटात सांडपाणी पाटाने आणलं का? ते आसपासच्या मैलावाहिन्यांतून, अर्धवट जोडलेल्या चेंबरमधून उतरतं. स्लॅब टाकल्याने ते नाहीसं होत नाही, फक्त दिसेनासं होतं. आणि पाट झाकला की पावसाळ्यात डोंगरउतारावरून येणाऱ्या पाण्याचं काय करायचं? एनडीएच्या टेकड्यांवरून उतरणारे ओढे पाटाखालून नदीकडे जावेत म्हणून पाट खोदणाऱ्यांनी ठिकठिकाणी दगडी मोऱ्या बांधल्या होत्या. त्या बुजल्या तर काय होतं? 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने दक्षिण पुण्यात काय केलं ते अजून कोणी विसरलेलं नाही. ओढ्याचं तोंड आवळलं की पाणी घराचं दार शोधतं. उतारावर आडवा पसरलेला, मोकळा, स्वच्छ पाट हा पावसाच्या पाण्याला थोपवून हळूहळू वाटेला लावणारा चर आहे. तो बुजवून त्याच पावसासाठी पुन्हा कोट्यवधींची पावसाळी गटारं खोदायची, हा व्यवहार मला तरी कळत नाही.

कोणी म्हणेल, 27 सप्टेंबर 2018ला दांडेकर पुलाजवळ उजव्या कालव्याची भिंत फुटून वस्तीत पाणी घुसलं, तो धोका इथे का ओढवून घ्यायचा? तो कालवा भरून वाहत होता आणि त्याची भिंत खंगली होती. डाव्या पाटात तेवढं पाणी पुन्हा सोडा असं मी म्हणतच नाही.

तिसरा पक्ष अलीकडे ऐकू येऊ लागला आहे: हे इंग्रजांचं बांधकाम, गुलामीची खूण, ती कशाला जपायची? यांना महात्मा फुल्यांकडे पाठवायला हवं. फुले बांधकामांचे ठेकेदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध आला. उजव्या पाटाचं पाणी घेऊन त्यांनी मांजरी गावी शेती केली, आणि 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच पाटबंधारे खात्याला झोडपलंही: पाणीपट्टी चोख वसूल करता, शेतकऱ्याला पाणी पोचतं का ते बघत नाही. पाणी वापरायचं आणि खात्याला जाबही विचारायचा, ही रीत त्यांनीच घालून दिली. दगड वाहिले ते इथल्याच माणसांनी. पुण्यातच इंजिनिअरिंग शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी 1903 साली याच धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. मग हे इंग्रजांचं कसं? एवढं बोलून हा पक्ष सोडतो. त्याला यापेक्षा जास्त जागा देण्याचं कारण नाही.

चौथा पक्ष माझ्या बाजूचाच वाटतो, म्हणून मला तो जास्त धोक्याचा वाटतो. त्याचं नाव सुशोभीकरण. पेव्हर ब्लॉक, रंगीत कारंजं, फायबरचा मोर, 'आय लव्ह'ची अक्षरं, शेजारी नगरसेवकाच्या नावाचा ग्रॅनाइटचा फलक. उद्घाटनाला ढोल-ताशा. दोन पावसाळ्यांनी कारंज्याची मोटार जळते, मोराची मान मोडते आणि पाट पुन्हा आहे तिथेच. यात जपलं काय? पाटाची एकही जुनी गोष्ट त्यात उरत नाही. उरते ती त्याच्या जागेवरची बाग, तीही कुलूप लावलेली.

मग जपायचं काय? मी म्हणेन, उतार. डाव्या पाटाची खरी कमाई दगड-चुन्यात नाही, त्या रेषेत आहे. संगणक नसताना, दुर्बिणीच्या लेव्हलने आणि खांबाने मोजत मोजत कोणीतरी ही रेषा खडकवासल्यापासून अशी आणली की पाणी कुठेही न तुंबता, कुठेही न धावता पुढे सरकत राहील. वारज्यात राहणाऱ्याला याची किंमत पायांतून कळते. इथला प्रत्येक रस्ता एक तर टेकडीकडे चढतो नाहीतर नदीकडे उतरतो. महामार्गाच्या अलीकडून पलीकडे पायी जाणं हे एक वेगळंच प्रकरण. गुडघे दुखणाऱ्या बाईला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला सपाट वाट मिळेल अशी या सगळ्या परिसरात एकच रेषा आहे, आणि ती दीडशे वर्षांपूर्वीच आखून झालेली आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. आधी मोजणी. धरणाच्या पायथ्यापासून कोथरूडपर्यंत पाटाची हद्द भूमी अभिलेख खात्याकडून मोजून घ्या, खुणेचे दगड रोवा. नकाशा लोकांसमोर लावा. वारजे 1997 साली महापालिकेत आलं, शिवणे-उत्तमनगर 2017 साली, कोंढवे-धावडे आणि कोपरे 2021 साली. म्हणजे पाटाच्या वरच्या अंगाची ही सगळी गावं आता एकाच महापालिकेच्या हद्दीत आहेत. ही संधी याआधी कधीच नव्हती. जमीन जलसंपदा विभागाकडेच राहू द्या, देखभाल महापालिकेने करावी, आणि त्याचा लेखी करार व्हावा, ज्यात ही पट्टी विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही आणि तिच्यावर मोटारींचा रस्ता करायचा नाही, एवढं स्पष्ट लिहिलेलं असेल. मैलापाणी वेगळ्या नळातून काढा. मोऱ्या मोकळ्या करा. काठाने मुरमाची चालायची वाट, सायकल जाईल इतकी. बाकी झाडं: करंज, उंबर, जांभूळ. ते कसं करायचं हे शिकायला परदेशी जायला नको. वारज्याच्या टेकडीवर वनखात्याने आणि लोकांनी मिळून 2015पासून उभं केलेलं नागरी वन समोर आहे. आणि बाहेरचंच हवं असेल तर लंडनची न्यू रिव्हर बघा. 1613 साली शहराला पाणी आणण्यासाठी खोदलेला तो कालवा अजून पाणी देतो आणि त्याच्या काठाने लोक चालतात.

पाटाच्या काठावर घरं बांधून राहिलेली माणसं हा खरा अवघड प्रश्न आहे. त्यांना जवळच घर दिल्याशिवाय एकही झोपडी हलवायची नाही, असं मी मानतो, मग त्या टप्प्यातली वाट पाच वर्षं उशिरा झाली तरी चालेल. आणि वाहतुकीवाल्या मित्रांसाठी: नळ स्टॉपहून वारज्याला, तिथून माणिकबागेला मेट्रो नेण्याची आखणी झाली आहे. ती आल्यावर स्थानकापर्यंत लोक जाणार कसे? रिक्षाने, की सपाट, सावलीच्या वाटेने पायी?

पाटाचा उतार नुसता कागदावरचा नाही, याची खात्री मला गेल्या जूनमध्ये झाली. पहिला जोराचा पाऊस पडून गेला होता. मी आणि ते आजोबा छत्री टेकवत पाटाच्या काठाला गेलो. एका मोरीजवळ घडीव काळ्या दगडांचा कठडा अजून शाबूत आहे, त्यावर कोणीतरी पायपुसणं वाळत घातलेलं होतं, ते चिंब झालं होतं. खाली गढूळ पाणी साचलेलं. वर थर्मोकोलची एक पत्रावळ तरंगत होती. आम्ही बघत उभे राहिलो. पत्रावळ काही क्षण जागच्या जागी फिरली, मग काठाला लागली, सुटली आणि सावकाश, अगदी सावकाश कर्वेनगरच्या दिशेने सरकू लागली. आजोबांनी छत्रीने ती दाखवली. म्हणाले, "बघ, अजून चालतोय."