मैदानावरचं गाणं

मुंब्र्यातल्या एका शाळेने यंदा क्रीडादिनाची गाणीच रद्द केली. कुणीतरी सांगितलं, परवान्याला फार पैसे पडतात. मुलांनी नुसत्या शिट्टीवर कवायत केली. माझी नात रुसून घरी आली.

ही भीती अनाठायी होती. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५२ (१)(झेड नव्हे, जे) मध्ये सवलत आहे: शाळेच्या कार्यक्रमाला विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळीच असतील, तर रेकॉर्ड वाजवायला परवाना लागत नाही. ठाणे-कल्याणचे संघ बोलावून मैदान सर्वांना खुलं केलं, की मात्र ही सवलत धरता येत नाही. तेव्हा गीतकार-संगीतकारांच्या आयपीआरएस संस्थेकडे आणि रेकॉर्डच्या मालकाकडे विचारणा करावी.

‘सारे जहाँ से अच्छा’ तर फुकट, असं म्हणाल. शब्द खरेच मोकळे. इक्बाल १९३८ साली वारले. पण रूढ चाल पंडित रविशंकर यांची. ते गेले २०१२ साली, आणि हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. खुल्या स्पर्धेत मुलांचं लेझीम-ढोल बरं. पारंपरिक तालावर कुणाची मालकी नाही.

व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला ही सवलत नाही. नातीच्या बाईंना कलमाचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून पाठवला आहे.