कर्जाच्या वहीत लिहिलेली वस्ती

वस्ती गावाबाहेर कोण ढकलतो, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण हे काम करकायदाही करू शकतो, याकडे आपले लक्ष कमी जाते. अमेरिकेचे उदाहरण पाहा.

तिथे गरिबांसाठी भाड्याची घरे मुख्यतः करसवलतीवर उभी राहतात. १९८६च्या करसुधारणेतून आलेल्या कलम ४२नुसार ही सवलत दहा वर्षे मिळते. पण ती कामाची कोणाला? ज्याला मोठा कर भरायचा आहे त्याला. म्हणून बँका भागीदारीत शिरतात, बहुतेकदा ९९.९९ टक्के हिस्सा घेऊन.

खरी गोम कर्जात आहे. केंद्र सरकारने अनुदान दिले, तर सवलत मोजताना ते खर्चातून वजा होते. तोच पैसा कर्ज म्हणून आला, तर खर्चात धरता येतो. म्हणून सार्वजनिक पैसाही कर्जाचे रूप घेतो. या कर्जाला तारण इमारत. भागीदाराच्या खिशाला सहसा हात लागत नाही. तरीही करहिशेबात ते भागीदारांच्या नावे धरले जाते आणि त्या आधारावर बँक घसारा-व्याजाचा तोटा दाखवते. साधारण पंधरा वर्षांनी ती बाहेर पडते. मग स्थानिक संस्थेला किंवा भाडेकरूंना खरेदीचा पहिला हक्क ठेवता येतो. त्याची किमान किंमत म्हणजे इमारतीवरचे कर्ज अधिक विक्रीवरचा कर. लाभ दहा वर्षांत वसूल, कर्ज मात्र मागे.

यातून लाखो घरे झाली, हे खरे. पण कुठे झाली? डॅलसमध्ये अशी ९२ टक्क्यांहून अधिक घरे गोरे अल्पसंख्य असलेल्या भागांत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हेतू सिद्ध झाला नाही तरी भेदभावी परिणामावरून दावा करता येतो, असा निकाल २०१५ साली ५ विरुद्ध ४ मतांनी लागला. पुढे खालच्या कोर्टात दावा टिकला नाही. तत्त्व मात्र टिकले.

आपल्याकडेही गृहकर्जाच्या व्याजावरची वजावट कर भरणाऱ्यालाच मिळते. ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याच्या हाती शून्य.

बाबासाहेबांचे कोलंबियातील मार्गदर्शक सेलिग्मन हे करशास्त्राचे मोठे अभ्यासक होते आणि बाबासाहेबांनी स्वतः प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, हा वारसाही आपलाच आहे. सीए व्हा, करकायदा वाचा. गरिबांच्या नावाने कुठलीही गृहयोजना आली की तीन प्रश्न विचारा: सवलत कोणाला, कर्ज कोणावर आणि शेवटी घर कोणाचे?

जय भीम.