कूलर बंद, तरी बिल का उतरत नाही? गोंदियाच्या थंडीतलं विजेचं गणित

डिसेंबर-जानेवारीत विदर्भाच्या तापमानाची यादी आली की तळाला बरेचदा गोंदियाचं नाव असतं. पारा एक अंकी होतो, देवरी-सालेकसा-नवेगावबांधकडे तर सकाळी बाहेर पडवत नाही. कूलर कधीच माळ्यावर गेलेला असतो, पंखे बंद असतात. मग बिल निम्म्यावर यायला हवं ना? पण येत नाही. काही घरांत तर वाढतं. आणि सध्या सगळा राग एकाच वस्तूवर निघतो: नव्या स्मार्ट मीटरवर.

राग अगदी निराधार आहे असं नाही, पण आधी हिशोब करून पाहू. कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये आहेच.

एका बादलीत किती युनिट?

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण १.१६ वॉट-तास ऊर्जा लागते. थंडीत सकाळी टाकीतलं पाणी १८ अंश धरा, अंघोळीला ४० अंश हवं आणि बादली १८ लिटरची. १८ × २२ × १.१६, म्हणजे जवळपास ४६० वॉट-तास. अर्धा युनिटच समजा.

याची तुलना फोनशी करू. ५००० एमएएचचा फोन एकदा फुल चार्ज करायला, चार्जरमधला अपव्यय धरूनही, २५ वॉट-तासांच्या आसपास वीज जाते. म्हणजे तुमची एक गरम बादली = फोनचं सुमारे अठरा दिवसांचं चार्जिंग. तेव्हा घरात कुणी "दिवसभर मोबाइल चार्जिंगला लावतो म्हणून बिल येते" म्हटलं, तर हे गणित दाखवा.

आता लोकांचा नेहमीचा प्रश्न: रॉड स्वस्त की गिझर? पाणी तेवढंच आणि तेवढंच तापवायचं असेल तर लागणारी ऊर्जा जवळपास सारखीच. १५०० वॉटचा रॉड १८-२० मिनिटं घेईल, ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर त्याच्या निम्मी. फरक पडतो तो टाकीवाल्या गिझरमध्ये. त्यातलं पाणी वापरलं नाही तर ते हळूहळू थंड होतं आणि थर्मोस्टॅट पुन्हा पुन्हा वीज ओढतो. गिझर रात्रभर चालू राहिला तर कुणी अंघोळ न करताही युनिट पडतात.

खरी गोम स्लॅबमध्ये

चार जणांचं घर, रोज चार बादल्या: दिवसाला सुमारे दोन युनिट, महिन्याला ५५ ते ६०. आकडा लहान वाटतो. पण महावितरणचे घरगुती दर सरळ रेषेत वाढत नाहीत. ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत, आणि दुसऱ्या टप्प्यातल्या युनिटचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. दर आयोगाच्या आदेशानुसार बदलत राहतात, पण अंदाजासाठी पहिल्या टप्प्यातला युनिट ७ रुपये आणि दुसऱ्यातला १२.५० रुपये धरू.

फ्रिज, टीव्ही, दिवे, मोटर मिळून तुमचं घर ८० युनिट वापरतं. ८० × ७ = ५६० रुपये. त्यात गरम पाण्याचे ६० युनिट मिळवा. १४० झाले. पहिले १०० युनिट ७०० रुपयांचे, वरचे ४० युनिट ५०० रुपयांचे. एकूण १२००, स्थिर आकार वेगळा. वापर वाढला पाऊणपट, बिल झालं दुपटीहून जास्त. मीटर बरोबर असूनही "बिल डबल आलं" असं वाटतं ते यामुळे.

इथे एक गैरसमज काढून टाकू. १०१ वा युनिट पडला म्हणून आधीचे शंभर महाग होत नाहीत. महाग दर फक्त शंभरच्या वरच्या युनिटांना लागतो. म्हणून १४० वरून १२० वर आलात तरी वाचलेला प्रत्येक युनिट महागड्या दराचाच असतो.

गोंदिया शहरात खोली घेऊन शिकणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्या. एका मीटरवर तीन खोल्या आणि आठ पोरं असतील, तर स्वस्त शंभर युनिट सगळ्यांना मिळून एकदाच मिळतात. तुमच्या रॉडचा युनिट बहुतेक महागड्या टप्प्यातच पडतो.

दिवसा स्वस्त वीज: आपल्या किती कामाची?

१ जुलै २०२५ पासून स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. कारण सोपं आहे: दुपारी सौर वीज भरपूर असते.

पण आपली अंघोळ सकाळी सहाला! दुपारी चारला पाणी तापवून दुसऱ्या दिवशी वापरायचं म्हटलं, तर रात्रीतून जी उष्णता निघून जाईल ती सवलतीपेक्षा महाग पडेल. कपडे धुणं, इस्त्री, पाण्याची मोटर अशी कामं दुपारी नेता येतात. त्यातून महिन्याला २० युनिट सरकले तर वाचतील १६ ते २० रुपये. जरूर वाचवा, पण त्यावर विसंबू नका. स्लॅबच्या वरचे २० युनिट कमी केले तर २५० रुपये वाचतात.

तिरोड्यात ३३०० मेगावॉटचं अदानी पॉवरचं औष्णिक केंद्र उभं आहे, मग आपल्याला वीज स्वस्त का नाही, असंही विचारलं जातं. महावितरणचे दर राज्य वीज नियामक आयोग संपूर्ण राज्यासाठी ठरवतो. केंद्र घराशेजारी आहे म्हणून युनिट स्वस्त होत नाही.

मीटरवर संशय असेल तर

गोंदिया, चंद्रपूर आणि नागपूर परिमंडळांत स्मार्ट मीटर बसवण्याचं काम मॉन्टेकार्लो कंपनीकडे आहे. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं. आता बसतायत ते पोस्टपेड टीओडी मीटर. संशय असेल तर वाद घालण्याआधी दोन चाचण्या करा.

पहिली: घरातली सगळी उपकरणं बंद करा, मेन स्विच चालूच ठेवा. मीटरचा लाल दिवा तरीही लुकलुकत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा काहीतरी चालू राहिलंय.

दुसरी: रीडिंगचा फोटो काढा, फक्त १५०० वॉटचा रॉड बरोबर २० मिनिटं चालवा, पुन्हा फोटो काढा. फरक अर्ध्या युनिटच्या आसपास हवा. व्होल्टेज कमी असेल तर ०.४ सुद्धा दिसेल. ०.७-०.८ दिसलं तर लेखी तक्रार करा. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, तक्रारीनंतर पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर लावणं आणि किमान तीन महिने तुलना करणं वीज कंपनीवर बंधनकारक आहे. तुमचे फोटो तिथे कामी येतील.

मग करायचं काय?

- गिझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणा आणि सगळ्यांनी लागोपाठ अंघोळ करा.
- बादली १८ ऐवजी १५ लिटर भरा. चार जणांमागे महिन्याला ९ युनिट कमी.
- रूम हीटरपासून जपा. एक किलोवॉटचा हीटर रोज तीन तास म्हणजे महिन्याला ९० युनिट. त्यापेक्षा गोधडी बरी.
- सिलिंडर ९०० रुपयांचा आणि शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर गॅसवर तेवढीच उष्णता युनिटमागे सव्वाआठ रुपयांना पडते. म्हणजे शंभर युनिटच्या आत वीज स्वस्त, वर गेलात तर गॅस. गॅस गिझर मात्र बंद बाथरूममध्ये नको. कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.
- रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नका. लोखंडी बादली टाळा, अर्थिंग तपासा.
- छत स्वतःचं असेल तर पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ ला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. १ किलोवॉट दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे दोन घरांच्या अंघोळी.

दर महिन्याच्या २० तारखेला मीटरचा एक फोटो काढा आणि मागच्या बिलावरचं रीडिंग वजा करा. आकडा ७० च्या पुढे गेला असेल तर उरलेले दहा दिवस गिझरकडे बघायचे आहेत. बिल हातात पडल्यावर कळून काही उपयोग नसतो.