जाहीर इशारा: त्या मुलीचे नाव आणि फोटो रविवारपर्यंत काढा

गावातील आणि पंचक्रोशीतील सर्व व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन, सदस्य, तसेच फेसबुक पेज आणि यूट्यूब चॅनेल चालवणारे, या सर्वांना मुलीच्या कुटुंबाची वकील म्हणून मी हा शेवटचा इशारा देत आहे.

अत्याचार झालेल्या एका शाळकरी मुलीचा फोटो चार दिवसांपासून तुमच्या मोबाईलवरून फिरतो आहे. स्नेहसंमेलनातल्या फोटोतून तिला कापून काढले, खाली मेणबत्ती लावली, वर 'न्याय मिळालाच पाहिजे' असे लिहिले. गणवेशावरचा शाळेचा बिल्ला स्पष्ट वाचता येतो. परवा तिच्या आजी दळण आणायला चक्कीवर गेल्या. रांगेतल्या एकाने कळवळून मोबाईल पुढे धरला, "आजी, ही तुमचीच नात होय ना?" आजी डबा तिथेच टाकून घरी आल्या. त्या दिवसापासून घरातले कोणी चक्कीवर गेलेले नाही.

तुमचा कळवळा खरा असेल. गुन्हाही खरा आहे. पॉक्सो कायद्याचे कलम 23 मुलाचे नाव, पत्ता, फोटो, कुटुंब, शाळा, शेजार यांपैकी काहीही उघड करायला मनाई करते. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'आम्ही नाव नाही, फक्त मोहल्ला आणि वडिलांचा धंदा लिहिला' हा बचाव टिकणार नाही. ओळख पटेल असा दूरचा धागादोराही द्यायचा नाही, समाजमाध्यमांवरही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2018 रोजी निपुण सक्सेना खटल्यात बजावले आहे. त्याच वर्षी कठुआ प्रकरणात मुलीची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी 10 लाख रुपये भरायला लावले.

बोलण्याचा हक्क आहे, असे काहींनी मला उलट कळवले. आहेच. 2012 साली पालघरमध्ये एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतरच्या लढ्यातून 2015 मध्ये श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ रद्द झाले. त्या निकालाच्या बाजूने मी आजही उभी राहीन. तपास का रेंगाळला, हे ठाणेदारांना विचारा. आरोपीला कोण पाठीशी घालते, ते पुराव्यानिशी लिहा. मोर्चा काढा. त्यातल्या एका शब्दावरही आम्ही मनाई मागणार नाही. पण यातल्या कशासाठीच मुलीचे नाव लागत नाही.

आणि नाव उघड करायला मनाई करणारा हा कायदा कुठून आला, तेही ऐका. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंज पोलीस ठाण्यात, एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले. देशभर संताप उसळला. 1983 मध्ये कायदा बदलला आणि पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले. कोर्टाच्या दफ्तरी तो खटला आरोपीच्या नावावर आहे. लोकांच्या तोंडी मात्र तो आजही त्या मुलीच्याच नावाने आहे. वकिलीच्या परीक्षेत मीही ते नाव लिहिले होते. आमच्या मुलीचे तसे होऊ देणार नाही.

म्हणून रविवारी सायंकाळी सहा वाजेपर्यंत:

1. तिचा फोटो, नाव, शाळा, मोहल्ला किंवा घरच्यांचा उल्लेख असलेली प्रत्येक पोस्ट, स्टेटस, रील आणि व्हिडिओ काढा. 'सर्वांसाठी डिलीट'ची सोय ठरावीक मुदतीपुरतीच असते, तेव्हा उद्यावर टाकू नका.

2. ॲडमिननी ग्रुपवर तशी लेखी सूचना द्यावी आणि न ऐकणाऱ्याला काढावे. दुसऱ्याच्या पोस्टसाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, असे नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे. पण हेतू सामाईक असेल, तर ती ढाल उरत नाही. तीन ॲडमिननी तर फोटो स्वतःच पुढे पाठवला आहे.

3. चॅनेलवाल्यांनी त्या घरासमोरचा कॅमेरा आजच हटवावा.

पहिली पोस्ट टाकणाऱ्याविरुद्ध तक्रार दिलेली आहे. त्याला मुदत नाही. बाकीच्यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह माझ्याकडे आहेत. सोमवारी सकाळी ते सायबर पोलिसांकडे जातील आणि त्याच दिवशी कोर्टात मनाई हुकमासाठी अर्ज दाखल होईल. खोट्या नावाने लिहिणाऱ्यांनी निर्धास्त राहू नये. अज्ञात प्रतिवादीवर 'अशोक कुमार' या नावाने हुकूम निघतो. तो मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

एक शेवटचे. चूक उमगली, तरी माफी मागायला त्या घरी जाऊ नका. दारात चार माणसे जमली की घर पुन्हा ओळखले जाते. पोस्ट काढा, आणि चक्कीवर आजी दिसल्या तर दळणाचेच बोला.