कवळी मिळाली, पण चाव्याची उंची जुळली का?

लग्नाला निघताना कवळी लावायची आणि पंगतीत बसताना काढून डबीत ठेवायची, असे करणारे आजी-आजोबा पालीतच काय, कोकणात कुठेही भेटतात. दोष वयाला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण दोन-चार मिलिमीटरचे असते.

जबडा सैल असताना वरचे-खालचे दात टेकत नाहीत. मध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर फट राहते. ही स्नायूंची विश्रांती. कवळी उंच झाली की फट संपते. बोलताना दात खडखडतात, हिरड्या दुखतात, जबडा अवघडतो. उंची कमी पडली तर गाल बसतात, ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात आणि भाकरी चावायला जोर लागत नाही.

सगळे दात गेले की मूळ उंचीची खूण उरत नाही. म्हणून नाकाच्या टोकावर आणि हनुवटीवर ठिपका देऊन विश्रांतीतले अंतर मोजतात आणि त्यातून फट वजा करतात. 'म' आणि 'स' म्हणायला लावतात, जुनी कवळी व जुने फोटो पाहतात. एकच पद्धत पुरत नाही. पडताळा घ्यावा लागतो.

इथेच योजनांचा प्रश्न येतो. २०१७च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांसाठी काठी, चष्मा, श्रवणयंत्राबरोबर कवळीही आहे. पण काठी एका दिवसात देता येते. कवळीला माप, चाव्याची नोंद, मेणातली चाचणी, बसवणे आणि नंतरची दुरुस्ती अशा चार-पाच खेपा लागतात. पालीहून रत्नागिरी सुमारे २० किलोमीटर. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत असली तरी सोबत येणाऱ्याचा रोज बुडतोच. मग खेपा चुकतात आणि कवळी डबीत जाते. म्हणून किती कवळ्या वाटल्या यापेक्षा सहा महिन्यांनी किती वापरात आहेत, हे मोजायला हवे. चाव्याची नोंद आणि दुरुस्ती गावाजवळच्या रुग्णालयात ठरलेल्या वारी झाली, तर निम्मी पायपीट वाचेल.

रुग्णांनीही मेणातली कवळी तोंडात असतानाच तक्रार सांगावी. तेव्हा उंची बदलणे सोपे असते. घरी कानशीने घासू नये. हाड झिजत राहते, म्हणून वर्षातून एकदा तपासणी करावी. दोन आठवड्यांत न भरणारी जखम तर लगेच दाखवावी.