यक्षाची पोच

रामटेकच्या माणसाने बिनतारी निरोपाबद्दल कुरकुर करू नये. याच रामगिरीवरून कालिदासाच्या यक्षाने आषाढात ढगाकरवी बायकोला निरोप धाडला, असं आम्ही गावकरी मानतो. (विद्वानांनी मध्ये बोलू नये.) ढगाने पोच आणून दिल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

आमच्या शाखेत छताला एक पांढरी डबी आहे. हॉलमधल्या टॅब्लेटला तीच वायफाय पुरवते. तिच्यावर नजर ठेवायला दूर शहरात एक कक्ष. तिथलं यंत्र थोड्या थोड्या वेळाने विचारतं, "आहेस का?" डबी म्हणते, "आहे." ह्या हजेरीला एस.एन.एम.पी. म्हणतात. १९८८ पासूनची पद्धत. त्यातला 'एस' सिंपलचा, म्हणजे साधेपणाचा. काही बिघडलं तर डबी आपणहून 'ट्रॅप' नावाची आरोळीही ठोकते, पण पोच न मागता. यक्षाचाच वाण! पोच मागणारा 'इन्फॉर्म' १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला, पण तो वापरायचा की नाही, ते बसवणाऱ्याच्या मर्जीवर.

माझं भांडण डबीशी नाही. विचारणाऱ्याशी आहे.

नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. मनसरच्या एक निवृत्त शिक्षिकाबाई तीन दिवस बसने आल्या. अंगठा लावायचा, टॅब्लेटवर चक्र फिरायचं, बाई घरी जायच्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "साहेब, मी जिवंत आहो का नाही, थे तरी सांगा नं जी!"

मी कक्षाला फोन लावला.

"तुमची डबी हिरवी दिसतेय."

"पण काम होत नाहीये."

"होत असलंच पाहिजे. चारशे दिवसांत एकदाही बंद पडलेली नाही."

(हा दिवसांचा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजतात आणि ४९७ दिवसांनी तो आपोआप शून्यावर येतो. माझ्या बढतीच्या फायलीचंही तसंच आहे.)

खरी गोम भाच्याने मोबाइलवर दाखवली. डबी कक्षाशी तारेने बोलते आणि आमच्याशी हवेतून. तार ठणठणीत. हवेत मात्र शेजारचं दुकान, वरचा क्लास, समोरचं हॉटेल, सगळ्यांच्या डब्या एकाच चॅनेलवर कोकलताहेत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं जेमतेम तीन: १, ६ आणि ११. आमची डबी एकच पाकीट पुन्हापुन्हा धाडत बसते आणि किती वेळा धाडलं ह्याचा हिशेबही ठेवते! तो आकडा ह्याच एस.एन.एम.पी.ने मागता येतो. पण मागणार कोण? मागितला तर हिरव्याचं पिवळं होईल, आणि कुणाला तरी नागपूरहून रामटेकची गाडी धरावी लागेल.

तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर, असं बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं पोरगंही म्हणत नाही हो. पाचशे रुपये भलत्याच्या खात्यात टाका, तेरीज तरी जुळतेच. 'डबी जिवंत आहे का' ह्या प्रश्नाचं उत्तर 'बाईंचं काम झालं का' ह्या रकान्यात लिहिणारा कारकून माझ्या हाताखाली असता, तर त्याला मी रात्री दहापर्यंत बसवून ठेवला असता.

शेवटी बाईंना पायऱ्यांखालच्या कडुनिंबाशी खुर्ची दिली, शिपायाच्या मोबाइलवरचं नेट टॅब्लेटला जोडलं. पहिल्याच अंगठ्याला बाई जिवंत निघाल्या. त्यांनी शिपायाच्या हातावर एक पेढा ठेवला.

वर डबी हिरवीच होती.